सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान व ई-सिगारेट : व्यावसायिकाचे अधिकार आणि ग्राहकाचा शिष्टाचार

प्रस्तावना :
ग्रामीण भागातील उपाहारगृह हे केवळ खाद्यपदार्थांच्या विक्रीचे ठिकाण नसून गावाच्या सार्वजनिक जीवनाचे ते एक केंद्र असते. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावात शेतकरी, विद्यार्थी, प्रवासी स्त्रिया व लहान मुले एकाच छताखाली चहा घेतात. तेथे कोणी विडी पेटविली अथवा ई-सिगारेट ओढली, तर त्यास थांबविण्याचा अधिकार कोणाचा? गावातील ओळख, वयाचा मान आणि गिऱ्हाईक तुटण्याची भीती यांमुळे मालक बहुधा मौन पाळतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची कायदेशीर व सामाजिक बाजू स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कायद्याची वाटचाल :
मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, प्रेक्षागृहे व सार्वजनिक वाहने इत्यादी ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. धूम्रपान न करणाऱ्यास दुसऱ्याच्या धुराची झळ सोसावी लागू नये, हे त्यामागील सूत्र होते. पुढे २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ४ ने उपाहारगृहांसह सर्व सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान निषिद्ध ठरविले. तीस किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल अथवा तीस किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह यांना मात्र धूम्रपानासाठी स्वतंत्र जागा ठेवण्याची मुभा आहे. गावातील लहान हॉटेलांस ती लागू होत नाही.

२ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेल्या नियमांनी मालक वा व्यवस्थापकावर प्रत्यक्ष जबाबदारी टाकली. प्रवेशद्वारी ६० × ३० सेंटिमीटरचा मनाईचा फलक लावणे, तक्रार कोणाकडे करावी त्या व्यक्तीचे नाव दर्शविणे आणि रक्षापात्र, काडेपेटी वा लायटर न पुरविणे ही त्याची कर्तव्ये होत. तक्रार येऊनही त्याने कार्यवाही न केल्यास तोही दंडास पात्र ठरतो. म्हणजेच आपल्या हॉटेलात धूम्रपान चालू द्यावे की नाही, हा मालकाच्या मर्जीचा विषय राहिलेला नाही.

ई-सिगारेटचे वेगळेपण :
ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही. विजेच्या साहाय्याने द्रव तापवून त्याचे तुषार ओढले जातात. त्यामुळे ‘हा धूर नव्हे, वाफ आहे’ असा युक्तिवाद केला जातो. परंतु या तुषारांत बहुधा निकोटीन व इतर रसायने असतात आणि ती शेजारी बसलेल्याच्याही श्वासात जातात.

इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून लागू झालेल्या धूम्रपानबंदीत ई-सिगारेटचा समावेश नव्हता, त्यामुळे तेथे निर्णय मालकांवर सोपविला गेला. भारताने वेगळा मार्ग स्वीकारला. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी घातली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आपली जागा साठ्यासाठी जाणूनबुजून वापरू देणारा मालकही दोषी ठरतो. मात्र केवळ ओढणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून या कायद्यात नमूद नाही. नेमक्या या पोकळीत मालकाचा अधिकार व ग्राहकाचा विवेक महत्त्वाचा ठरतो.

अधिकार व मर्यादा :
आपल्या जागेत कोणते वर्तन चालेल, हे ठरविण्याचा अधिकार मालकास आहे. ई-सिगारेट बंद करण्यास सांगणे, न ऐकल्यास सेवा नाकारणे, बाहेर जाण्याची विनंती करणे व गरज पडल्यास पोलिसांना कळविणे हे सर्व त्यात येते. तथापि हा अधिकार अमर्याद नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणासही दुकान वा उपाहारगृहात प्रवेश नाकारता येत नाही. म्हणून नियम वर्तनासाठी असावा, व्यक्तीसाठी नव्हे. तो सरपंचास आणि शेतमजुरास सारखाच लागू व्हावा. तसेच ग्राहकाची वस्तू हिसकावणे, धक्काबुक्की करणे वा स्वतःच दंड वसूल करणे हे मालकाच्या अधिकारात बसत नाही. दंडाचे काम शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचे आहे.

शिष्टाचार :
ग्राहक पंधरा मिनिटे बसून निघून जातो. मालक, आचारी व कामगार मात्र दिवसभर त्याच हवेत राहतात. ही जाणीव हाच शिष्टाचाराचा पाया होय. ओढणाऱ्याने न सांगता दूर जावे. लहान मुले, गरोदर स्त्री वा आजारी व्यक्ती जवळ असल्यास टपरीबाहेरच्या बाकावरही संयम पाळावा. कारण कायद्याचा हात खुल्या जागेत सर्वत्र पोहोचत नाही. मालकानेही चारचौघांत अपमान न करता, ‘काका, हे जरा बाहेर घ्या’ असे जवळ जाऊन सांगावे. वडीलधाऱ्यास टोकणे अवघड वाटत असेल, तर भिंतीवरील फलकाकडे बोट दाखविणे पुरेसे असते. फलकावर ‘ई-सिगारेटसह’ हे शब्द जोडल्यास वादास जागा उरत नाही.

समारोप :
विदर्भात खर्ऱ्याच्या तुलनेत ई-सिगारेटचा प्रश्न लहान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खर्रा मुख्यत्वे खाणाऱ्याच्या शरीरास अपाय करतो, तर धूर व तुषार शेजाऱ्याची संमती न घेता त्याच्या श्वासात शिरतात. म्हणूनच मालकाचे मौन हे सौजन्य ठरत नाही. कायद्याने त्याच्यावर टाकलेले कर्तव्य हेच त्याच्या अधिकाराचे बळ आहे. ते त्याने नम्रतेने, पण सर्वांसाठी सारखे वापरणे आवश्यक आहे.