जगाचा भावफलक आणि आपली पिशवी

शाळेत मी सातवीपर्यंतच गेलो. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, करारांच्या कागदांवरून आणि पुष्कळसे मालकांच्या तोंडून. आजचा विषयही मी मालकाच्याच टेबलावर प्रथम पाहिला.

ऑगस्ट 2023 मध्ये महागाई भत्त्याच्या बोलणीसाठी आम्ही एका कारखान्यात बसलो होतो. तेथील अधिकाऱ्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळविला. त्यावर एक रेघ होती. मार्च 2022 पाशी शिखर गाठून ती खाली उतरत आली होती. "हे पाहा अण्णा, सारे जग स्वस्त झाले. तुमचीच महागाई कशी चढते?" रेघेखाली नाव होते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे. तिचा निर्देशांक मार्च 2022 मध्ये 160 च्या घरात होता, तो जुलै 2023 मध्ये 124 च्या आसपास आला होता. त्याच जुलैत आपल्या देशातील अन्नाची किरकोळ महागाई सरकारी आकड्यांप्रमाणे साडेअकरा टक्के होती. दोन्ही आकडे खरे! मला त्या वेळी उत्तर सुचले नाही, हे कबूल करतो. त्या रात्रीपासून मुलीच्या संगणकापुढे बसून मी ते प्रकरण समजून घेऊ लागलो.

अशा पडद्याला डॅशबोर्ड म्हणतात. बाजार समितीच्या दारात भावफलक असतो ना, तसाच हा. मात्र याला आपण प्रश्न विचारू शकतो. या संघटनेचे मुख्य कार्यालय रोम येथे आहे. तिच्या संकेतस्थळावर देश निवडावा, बाजार निवडावा, जिन्नस निवडावा, घाऊक की किरकोळ ते सांगावे, की वर्षावर्षांच्या भावाची रेघ समोर उमटते. भाव त्या देशाच्या नाण्यात हवा की डॉलरमध्ये, हेही सांगता येते. चालू भावाऐवजी एकंदर महागाईचा फुगवटा काढून टाकलेला भाव हवा असेल, तर तोही मिळतो. एका गावचा तांदूळ दुसऱ्या देशातल्या गावच्या तांदळाशेजारी ठेवून पाहण्याची ही सोय मोठी आहे. पूर्वी असले ज्ञान फक्त आडत्या-दलालांपाशी असे.

परंतु अधिकाऱ्याने दाखविली ती रेघ यातली नव्हे. तो होता संघटनेचा एकत्र निर्देशांक, आणि सगळी गोम तेथेच आहे. त्यात पाचच गट येतात : धान्य, खाद्यतेल, दुग्धपदार्थ, मांस आणि साखर. तूरडाळ त्यात नाही, कांदा नाही, टोमॅटोही नाही. जुलै 2023 मध्ये आमच्या बायाबापड्यांना रडविले ते टोमॅटोने आणि डाळीने. त्यांची त्या रेघेला गंधवार्ता असणार कशी? शिवाय ते भाव देशादेशांतील व्यापाराचे. कोपऱ्यावरच्या वाण्याचे नव्हेत. आपल्या सरकारने मे 2022 मध्ये गव्हाची निर्यात बंद केली, जुलै 2023 मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची. असे बांध घातल्यावर आतले पाणी आणि बाहेरचे पाणी एका पातळीत राहत नाही. गोडेतेल मात्र खरोखरच उतरले होते. आपण निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो, तेव्हा जगातले तेल उतरले की येथलेही उतरते. तेवढ्यापुरते अधिकाऱ्याचे म्हणणे बरोबर होते.

आणखी एक खोच नाण्याची. तो निर्देशांक डॉलरच्या भावांवर काढतात आणि 2014 ते 2016 ही वर्षे 100 धरतात. त्या काळी डॉलरला चौसष्ट रुपयांच्या आसपास पडत. 2022 मध्ये सरासरी साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास. त्या वर्षाचा निर्देशांक सरासरीने सुमारे 144 होता. तोच रुपयात मोजला तर पावणेदोनशेच्या आसपास जातो. गणित त्रैराशिकाचे आहे, कोणीही घरी करून पाहावे.

निर्देशांकावर भांडणे ही काही आजची गोष्ट नव्हे. मुंबईचा कामगार निर्देशांक कमी दाखविला जातो अशी ओरड झाली, तेव्हा 1963 साली महाराष्ट्र सरकारला प्रा. लकडावाला यांची समिती नेमावी लागली, आणि समितीला त्यात दोष आढळले. आपला आजचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक 2016 साल 100 धरून 88 केंद्रांतील भावांवर निघतो. त्यात खाण्यापिण्याचा भार पूर्वी 46 टक्क्यांवर होता, तो आता 39 वर आला आहे. कायम नोकरदाराच्या घरी हे बसत असेल. कंत्राटी मजुराच्या चुलीपाशी बसून हिशेब केला तर बसत नाही, असा माझा अनुभव.

या सगळ्या फलकांवर एक रेघ मात्र मला सापडली नाही, ती आपल्या मजुरीची. ती मी वहीत काढू लागलो. समजा, आठ तासांना चारशे रुपये मिळतात, म्हणजे तासाला पन्नास. डाळ शंभर रुपये किलो असेल तर किलोला दोन तास राबावे लागते. दीडशे झाली की तीन तास. बाजार तोच आणि डाळ तीच. कारागीर मात्र घरी एक तास उशिरा पोचतो.

पुढच्या बैठकीस मी ती वही आणि आमच्या केंद्राचा निर्देशांक घेऊन गेलो. अधिकाऱ्याने पडदा उघडला. मी त्यास तूरडाळ शोधावयास सांगितली. त्याच्या रेघेत ती नव्हती. अखेर भत्ता आमच्या केंद्राच्या निर्देशांकाशी बांधला गेला. दर पॉइंटमागे आम्ही मागितले त्याहून कमी मिळाले, आणि त्यासाठी पुढचा करार लढावयाचा आहे.