अभ्रकाची पानं आणि घसरलेला डोंगर

आज थेट मुद्द्यावर येऊ. शाळेतली दगडी पाटी आठवते? कडेने ती पातळ पापुद्र्यांत सुटते. असं का होतं, तर अभ्रकामुळे.

अभ्रकाच्या आत सिलिकेटचे थर असतात, वहीच्या पानांसारखे एकावर एक. त्यांना पोटॅशियम धरून ठेवतं, पण ही पकड कमजोर. म्हणून नखानेसुद्धा अभ्रकाचा पापुद्रा निघतो.

आता समुद्रतळाचा गाळ घ्या. तो खोल गाडला गेला आणि डोंगर घडताना बाजूने दाबला गेला, की काय होतं? मातीच्या चकत्या वळतात. काही कण दाबाखाली विरघळतात. नवं अभ्रक दाबाला काटकोनात वाढतं. झाली स्लेट! यातलं अभ्रक डोळ्यांना दिसत नाही. उष्णता आणि दाब वाढले की कण मोठे होतात आणि दगडाला रेशमी चकाकी येते, तो फायलाइट. आणखी वाढले की अभ्रक स्पष्ट चमकतं, तो शिस्ट.

पण गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या दिशेने दाब आला, की त्या सरळ रांगांना साडीच्या निऱ्यांसारख्या बारीक घड्या पडतात. घडीच्या बाजूंवरचं क्वार्ट्झ विरघळून निघून जातं, अभ्रक मागे उरतं, आणि तिथे फुटायला नवी दिशा तयार होते. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर नवी नोंद झाली, पण जुना लॉग पूर्ण पुसला गेला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही वाचता येतात.

आणि दगड एकमेकांवरून सरकत असतील तर? मोठे अभ्रककण ओढले जाऊन माशाच्या आकाराचे होतात. भूवैज्ञानिक त्यांना खरंच 'अभ्रक मासे' म्हणतात! ते कुठे कलले आहेत यावरून कुठला भाग कुठे सरकला ते कळतं.

याचा आपल्याला काय उपयोग? कॅलिफोर्नियातलं सेंट फ्रान्सिस धरण बघा. पूर्वेकडचा उतार अभ्रकयुक्त पेलोना शिस्टचा, आणि पापुद्रे जवळपास दरीच्या उताराला समांतर. १२ मार्च १९२८ ला सकाळी मुख्य अभियंता विल्यम मुल्होलंड यांनी गळती पाहिली आणि धरण सुरक्षित ठरवलं. त्याच रात्री, बारा वाजायला काही मिनिटं असताना, ते फुटलं. ४०० हून जास्त माणसं गेली. तेव्हाच्या चौकशीने पश्चिमेकडच्या खडकाला दोष दिला. नंतरच्या अभ्यासात मात्र पूर्वेचा शिस्टचा उतार, जिथे आधीच जुनी दरड होती, तोच घसरल्याचं मांडलं गेलं.

म्हणजे दगड किती मजबूत, एवढंच विचारून चालत नाही. कुठल्या दिशेने मजबूत, हेही विचारायला हवं. शिस्ट पापुद्र्यांच्या आडवा दाबला तर तग धरतो. पापुद्र्यांच्या दिशेने ढकलला, तर पत्त्यांच्या गड्डीसारखा सरकतो.

पुढच्यावेळी घाटात चमचमता दगड दिसला, तर त्याचे पापुद्रे कुठे झुकलेत ते बघा. रस्त्याकडे असतील, तर तिथे सेल्फीसाठी थांबू नका. भेटूया पुढच्या भागात!