कटलेटमध्ये 'कट' नाही!

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याला गोव्याचा आणि पुण्याचा रस्ता वेगळा होतो. वडे खायला तिकडे गाडी थांबली, की जरा कान द्या. "दोन हाफ फ्राय, एक राइसप्लेट, तीन कटिंग, चार वडे पार्सल!" शब्द जवळजवळ सगळे इंग्रजी, पण लंडनचा पाहुणा ऐकेल तर डोकंच खाजवेल!

त्याचं पार्सल पोस्टमन आणतो. घरी न्यायच्या खाण्याला तो 'टेकअवे' म्हणतो. कटिंग म्हटलं की त्याला वर्तमानपत्राचं कात्रण आठवेल, अर्धा कप चहा नाही. आपल्या हाफ फ्रायला अमेरिकेत 'सनी साइड अप' म्हणतात, म्हणजे सूर्य वरच्या बाजूला. पिवळा बलक बघा, पटतं ना?

मग आपलं इंग्रजी चुकीचं का? अहो, शब्द कामाला लागला की थोडा बदलतोच. परीक्षेच्या पेपरात 'टेकअवे' लिहा, पण फाट्यावर 'पार्सल'च सांगा. नाहीतर वडे गार होतील! आईबाबा, मुलं असं बोलली तर लगेच हसू नका बरं का.

कटलेटचंच बघा. त्याचा 'कट'शी, म्हणजे कापण्याशी, काही संबंध नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'छोटी बरगडी', म्हणजे बरगडीजवळच्या मांसाचा तुकडा. आपल्या बटाटा-बीटच्या कटलेटला कुठली आलीय बरगडी! आणि तो बटाटा? तो शब्द पोर्तुगीजांनी आणला. वड्याचा पावही त्यांचाच.

इंग्लंडमध्ये 'कुकर' म्हणजे चक्क शेगडी. शिट्ट्या मारतो तो प्रेशर कुकर. त्याचा पूर्वज डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 मध्ये लंडनला दाखवला. भांड्याचं झाकण घट्ट, त्यामुळे वाफ आत कोंडते, दाब वाढतो आणि पाणी 100 अंशांना उकळायचं सोडून 120 अंशांच्या आसपास तापतं. म्हणून डाळ झटपट शिजते. पापँने मात्र त्यात हाडं मऊ करून दाखवली होती.

इंग्रजांनीही उधारी केलीच की! 'चटणी' त्यांनी आपल्याकडून नेली. त्यांच्या जुन्या पाककृतींत 'मलिगाटॉनी' नावाचं झणझणीत सूप आहे. नाव ऐकून साहेबी वाटतं, पण आहे तमिळ : 'मिळगु' म्हणजे मिरी, 'तण्णीर' म्हणजे पाणी. साधं मिरीचं पाणी!