परतीचं तिकीट नसलेली प्रेमकथा
(लेखमाला : पडद्यावरचं प्रेम – लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण प्रेमपटांमधल्या पहिल्या भांडणाविषयी बोललो. या आठवड्यात नायक-नायिकेला घरातून, गावातून, थेट देशाबाहेर काढू. कामासाठी, लग्नकार्यासाठी किंवा नुसतं फिरायला म्हणून परक्या देशात जायचं आणि ध्यानीमनी नसताना प्रेमात पडायचं, ही हलक्याफुलक्या प्रेमपटांची फार जुनी आणि टिकाऊ वाट आहे. मात्र या प्रकारातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट रोम-पॅरिसची नाही. ती सोलापूरची आहे. तिथे पोहोचण्याआधी या वाटेची घडण समजून घेऊ.

आपल्याकडे माणसाची ओळख ‘कुणाचा रे तू?’ या प्रश्नापासून सुरू होते. आडनाव, गल्ली, मामाचं गाव एवढं कळलं की समोरचा आपल्याला एका खणात ठेवून मोकळा होतो. परदेशात हा प्रश्न विचारणारं कुणी नसतं. म्हणून पटकथाकार पात्राला विमानात बसवतो. तिथे गेल्यावर माणूस स्वतःची नवी ओळख सांगू शकतो, खोटी ओळखही सांगू शकतो, आणि त्या लपवाछपवीतून विनोद तयार होतो.

विल्यम वायलर यांच्या १९५३ च्या ‘रोमन हॉलिडे’मध्ये हे फार सुरेख जमलं आहे. राजकन्या ॲन आपण राजकन्या आहोत हे लपवते आणि ज्यो ब्रॅडली आपण वार्ताहर आहोत हे लपवतो. तिच्याकडे जेमतेम एका दिवसाची मोकळीक आहे, त्याला तिच्यावर बातमी करायची आहे. प्रेक्षकाला दोघांची गुपितं ठाऊक असतात, त्यामुळे साध्या आइस्क्रीम खाण्यालाही गंमत येते. पण चित्रपटाची खरी ताकद त्या मुदतीत आहे. दिवस संपला की तिला परत जायचं आहे, आणि ती जाते. परदेशातल्या प्रेमाला परतीच्या तिकिटाचा धाक असतो. तो धाक काढून घेतला तर रोमच्या रस्त्यांवरची ती स्कूटरची फेरी नुसती फेरी राहील.

हिंदी चित्रपटानं साठच्या दशकात परदेश मनापासून दाखवला. ‘लव्ह इन टोकियो’ १९६६ चा, ‘ॲन इव्हिनिंग इन पॅरिस’ १९६७ चा. पहिल्यात आशा पारेख सरदारजी होते आणि महमूद चक्क गेशा होतो. हशा भरपूर मिळतो. पण नायक आपला, नायिका आपली, विनोदी जोडीदारही आपलाच. टोकियो आणि पॅरिस मागे उभी असतात. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्येही राज आणि सिमरन युरोपच्या रेल्वेत भेटतात, गाडी चुकते म्हणून जवळ येतात, पण दोघंही लंडनच्या भारतीय घरांतली मुलं. हे चित्रपट मला आवडतात. तरीही ते परदेशात गेलेल्या आपल्याच माणसांच्या प्रेमाचे आहेत. परक्या माणसावरचं प्रेम, ज्याची भाषा कळत नाही आणि ज्याच्या जेवणाची चव ठाऊक नाही अशा माणसावरचं, ते आपल्या पडद्यावर फार कमी वेळा आलं.

ते आलं, तेव्हा एका मराठी बाईच्या गोष्टीत आलं. गौरी शिंदे यांचा २०१२ चा ‘इंग्लिश विंग्लिश’ आठवा. पुण्याच्या शशी गोडबोले लाडू करून विकतात, भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला जातात आणि चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या वर्गात नाव घालतात. वर्गात लोराँ नावाचा फ्रेंच आचारी आहे. दोघांना जोडायला तोडकीमोडकी इंग्रजी आहे, पण मनातलं बोलायची वेळ आली की शशी हिंदीत बोलतात आणि तो फ्रेंचमध्ये. शब्द कळत नाहीत आणि तरी दोघांना कळतं. श्रीदेवींनी त्या प्रसंगांमध्ये चेहऱ्यानं जे केलं आहे ते पुन्हा पुन्हा पाहावं असं आहे. इथेही चार आठवड्यांची मुदत आहे, परतीचं तिकीट आहे. शशी परत येतात. लोराँनं त्यांना त्यांची स्वतःची किंमत दाखवून दिली, त्याबद्दल त्या त्याचे आभार मानतात, आणि आपल्याला हवा आहे तो मान, हे ओळखून घरी निघतात. या प्रकारातला हा आपल्याकडचा सगळ्यात प्रगल्भ चित्रपट आहे असं मी निःशंक म्हणेन.

आता सोलापूर.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी काँग्रेसनं वैद्यकीय पथक पाठवलं. सुभाषचंद्र बोस तेव्हा अध्यक्ष होते. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कोलकात्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस असे पाच डॉक्टर १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघाले. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस राहिले. वडील गेल्याची बातमी कळली, तरी हातातलं काम सोडून ते आले नाहीत.

उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, आठव्या मार्ग सेनेच्या फिरत्या दवाखान्यांत त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. एका लढाईत सलग ७२ तास ते झोपेशिवाय जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून तिथेच काम करताना १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. त्याच्या आधी, १९४० मध्ये, बेथून यांच्या समाधीच्या समारंभात गुओ छिंगलान या परिचारिकेनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं. हा परदेशी डॉक्टर चिनी बोलतो, थोडंफार लिहितोसुद्धा, याचं त्यांना अप्रूप वाटलं. ओढ तिथून सुरू झाली. १९४१ च्या अखेरीस दोघांचं लग्न झालं.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण पाहिलेल्या प्रेमपटांमध्ये भाषा न कळण्यातून हसू येतं आणि प्रेमही फुलतं. इथे उलट झालं. माणसानं भाषा शिकून घेतली, आणि त्या शिकण्यानं समोरच्या मनात जागा झाली. सोलापूरच्या वाचकाला याचं फार नवल वाटू नये. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी ज्या गावात एकाच बाजारात कानावर पडतात, तिथल्या माणसाला दुसऱ्याच्या भाषेत शिरणं म्हणजे काय हे ठाऊक असतं. सोलापूर जिल्ह्यातलेच नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये हैदराबादला गेलेली आर्ची कारखान्यात काम करता करता तेलुगू शिकते, आणि तिथून तिचा संसार उभा राहू लागतो. तो चित्रपट वेगळ्या जातीचा आहे, पण हे निरीक्षण मात्र याच मातीतलं आहे.

कोटणीसांची कथा पडद्यावर आली ती १९४६ मध्ये. डॉ. बसू परतल्यावर त्यांच्याकडून मिळालेल्या हकिकतीवर ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिलं होतं. त्यावरून व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिरतर्फे ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. पटकथेत अब्बास यांच्या जोडीला व. पां. साठे होते आणि संगीत वसंत देसाई यांचं. कोटणीसांची भूमिका शांताराम यांनी स्वतः केली, चिंग लानची जयश्री यांनी. प्रत्यक्षात पती-पत्नी असलेल्या या दोघांच्या प्रेमप्रसंगांत मोकळेपणा आहे, थट्टा आहे. रणभूमीवरच्या चित्रपटात एवढा हसरा प्रणय ठेवायचं धाडस शांतारामांनी केलं आणि ते योग्यच केलं. लग्नाच्या वेळी कोटणीस एकतीस वर्षांचे होते, छिंगलान पंचविशीच्या. हसणं त्यांच्या आयुष्यात होतं.

पण हिंदी प्रेक्षकांसाठी बनलेल्या या चित्रपटात चिनी माणसंही हिंदी बोलतात. त्याला इलाज नव्हता. मात्र त्यामुळे प्रेमाचं खरं कारणच पडद्यावरून निसटलं. जी भाषा शिकल्यामुळे छिंगलान यांचं लक्ष वेधलं गेलं, ती तिथे ऐकूच येत नाही. दुसरा बदल मृत्यूचा. चित्रपटात कोटणीस प्लेगच्या साथीशी झुंजताना त्याच रोगानं जातात. प्रत्यक्षात ते ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यानं गेले. वय बत्तीस. मुलगा यिनहुआ साडेतीन महिन्यांचा होता. त्याच्या नावात भारत आणि चीन दोन्ही होते, आणि ते सुचवलं होतं सेनानी न्ये रोंगचेन यांनी.

मग ही गोष्ट आपल्या प्रकारात बसते का? शेवट धरला तर नाही. विनोदी प्रेमपट जिथे थांबतो, त्या लग्नानंतर इथे वर्षभराचाच संसार मिळाला. यिनहुआही १९६७ मध्ये, वैद्यकीय शिक्षण संपत आलं असताना वारला. तरीही मी ती या लेखमालेत घेतली, कारण या प्रकारानं जो प्रश्न कायम परतीच्या विमानापाशी सोडून दिला, त्याचं उत्तर या दोघांनी दिलं. रोममधली राजकन्या परतली, पुण्याच्या शशी परतल्या, आणि त्यांचं परतणं आपल्याला पटतं. कोटणीसांनी राहायचं ठरवलं आणि राहण्यासाठी लागणारे कष्ट घेतले. छिंगलान यांनी नंतर दुसरा विवाह केला, पण भारताशी आणि कोटणीस कुटुंबाशी नातं तोडलं नाही. त्या भारतात येत राहिल्या, पहिल्या पतीच्या आठवणींचं पुस्तक त्यांनी लिहिलं आणि २०१२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी दालियान इथे त्यांचं निधन झालं.

या गोष्टीवर आज कुणी नवा चित्रपट काढावा, आणि तो मराठी व चिनी अशा दोन्ही भाषांत बोलणारा असावा. शिकताना होणाऱ्या चुका, त्यावरचं हसू, मग हळूहळू जमलेलं पहिलं सलग वाक्य, हे सगळं त्यात यावं. उपशीर्षकं वाचायची सवय आता आपल्या प्रेक्षकाला झाली आहे, त्यामुळे शांतारामांपुढची अडचण आज राहिलेली नाही. सोलापूरच्या लिहित्या मुलामुलींनी हे मनावर घ्यावं. कोटणीसांचं राहतं घर भैय्या चौकात स्मारक म्हणून जपलेलं आहे. कामाची सुरुवात तिथे जाऊन करा.