विद्यार्थी-सहाय्याची मोट

पुण्यातील जुन्या पेठांतून पूर्वी एक दृश्य नित्याचे होते. शिक्षणासाठी खेड्यातून आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी जेवे, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. सात वारांची सात घरे लागली म्हणजे त्याच्या अन्नाची सोय झाली. याला ‘वार लावून जेवणे’ म्हणत. या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य मात्र ध्यानात घेण्याजोगे आहे. कोणतेही एक घर त्या मुलाला आठवडाभर पोशीत नसे. प्रत्येक घराचा वाटा लहान, देणाऱ्याला न जाचणारा. त्या सर्व वाट्यांची मोट बांधण्याची जबाबदारी मात्र त्या पोराची. सहा वार मिळाले आणि सातवा मिळाला नाही, तर त्या दिवशी उपास घडे. सहा घरांच्या औदार्याने सातव्या दिवसाची भूक भागत नसे.

आज दिल्लीतील किंवा दिल्लीच्या परिसरातील एखाद्या महाविद्यालयात गरीब विद्यार्थ्याच्या खर्चाची तजवीज ज्या रीतीने होते, ती या वारांच्या पद्धतीहून वाटते तितकी भिन्न नाही. शुल्कमाफी एकीकडून, शिष्यवृत्ती दुसरीकडून, थोडे काम तिसरीकडे आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज, अशा अनेक जिनसांची एक मोट बांधली जाते. फरक इतकाच, की जेथे ही व्यवस्था चांगली चालते तेथे मोट बांधण्याचे काम संस्था स्वतः अंगावर घेते. जेथे ती चांगली चालत नाही तेथे ते काम अजूनही त्या अठरा वर्षांच्या मुलावरच पडते.

वारांची चाल कितीही पुण्यप्रद असली तरी तिची दारे सर्वांना उघडी नव्हती. जातीच्या उंबऱ्याबाहेर जन्मलेल्या मुलाला कोणाच्या पंक्तीला वार मिळणार? त्याला निराळी वाट शोधावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा आर्थिक इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना त्यांना सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा 25 रुपये मिळत. 1913 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. तिच्या बदल्यात शिक्षणानंतर संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. पुढे 1920 मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठवलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले 5,000 रुपयांचे कर्ज, अशी त्यांची तरतूद होती. स्वतःची बचत, दान, ऋण, आणि पूर्वी सेवेच्या अटीवर मिळालेली वृत्ती! आजच्या सहाय्य-योजनांतील बहुतेक सर्व घटक या एका चरित्रात सापडतात.

आता ही मोट कशी बांधली जाते ते पाहू. अमेरिकेत या कामाला शास्त्राचे रूप आले आहे. तेथे 1964 च्या कायद्याने विद्यार्थ्यांना शिकता शिकता काम देण्याची सरकारी योजना निघाली, 1965 च्या उच्च शिक्षण कायद्याने सहाय्याचा पाया विस्तारला, आणि महाविद्यालयांची कार्यालये एका साध्या वजाबाकीवर चालू लागली. शिक्षणाचा वर्षाचा संपूर्ण खर्च मांडावयाचा; त्यातून कुटुंब जे देऊ शकेल ते वजा करावयाचे; उरते ती गरज. ही गरज भागवताना प्रथम परत न करावयाचे सहाय्य, मग काम आणि शेवटी कर्ज, असा क्रम ठेवणे विद्यार्थ्याच्या हिताचे, कारण दान, श्रम आणि ऋण यांचे त्याच्या भावी आयुष्यावरील ओझे याच क्रमाने वाढत जाते.

वजाबाकी सोपी असली तरी तिच्या दोन्ही संख्या निश्चित करणे सोपे नाही. खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयात शुल्क पुष्कळदा सर्वांत लहान रक्कम असते. विद्यार्थ्याला वाकवतात ती वसतिगृह, खानावळ, पुस्तके, मेट्रोचे भाडे आणि वर्षातून दोनदा गावी जाण्याची तिकिटे. 2019 च्या अखेरीस जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जे मोठे आंदोलन पेटले ते शिक्षणशुल्कावरून नव्हे, तर वसतिगृहाच्या आकारणीवरून, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. म्हणून केवळ शुल्क माफ करून जी संस्था आपले कर्तव्य संपले असे समजते, तिने मुलाला दारात घेतले. ताटावर मात्र बसवले नाही.

कुटुंबाची ऐपत मोजण्याच्या रीती संस्थेगणिक निराळ्या आहेत. भारतीय तंत्रज्ञान संस्थांनी 2016 मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांचे वार्षिक शिक्षणशुल्क 90,000 वरून 2 लाख रुपये केले, तेव्हा त्याबरोबर माफीच्या पायऱ्याही ठरल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफी. कौटुंबिक उत्पन्न 1 लाखाच्या आत असल्यास पूर्ण माफी. 1 ते 5 लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफी. दिल्ली विद्यापीठाने 2022 मध्ये आपल्या विभागांतील विद्यार्थ्यांसाठी योजना आखली तीत 4 लाखांपर्यंत पूर्ण आणि 8 लाखांपर्यंत निम्मी माफी ठेवली. तथापि परीक्षाशुल्क आणि वसतिगृहाचे शुल्क त्यातून वगळले. सोनिपतच्या अशोका या खाजगी विद्यापीठाची रीत तिसरी. तेथे शुल्क मोठे असल्याने केवळ उत्पन्नाचा दाखला पुरेसा धरत नाहीत. कुटुंबाची मालमत्ता आणि देणीही विचारात घेतली जातात.

पायऱ्यांच्या पद्धतीत निर्णय झटपट होतो आणि वशिल्याला वाव कमी राहतो. पण पायरीला कडा असते. ज्याचे उत्पन्न 5 लाखांच्या किंचित आत आहे त्याला 2 लाखांपैकी सुमारे 67,000 रुपये भरावे लागतात. जो किंचित बाहेर आहे त्याला सगळे. उत्पन्नात हजारभराचा फरक, आणि देण्यात सव्वा लाखाहून अधिक. उलट घरची सारी परिस्थिती तपासणारी पद्धत अधिक न्याय्य खरी. पण तिला वेळ लागतो, कागद लागतात, आणि कागद गोळा करण्याचे बळ ज्याच्याजवळ अधिक तोच बहुधा पुढे जातो.

एखादे उदाहरण घेतल्याने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलीला दिल्लीच्या एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला. शुल्क 20,000, वसतिगृह व खानावळ 95,000, पुस्तके 10,000, प्रवास 20,000 आणि किरकोळ 15,000, असा वर्षाचा खर्च 1 लाख 60 हजार. घरचे ओढाताण करून 60,000 देऊ शकतात. तूट 1 लाखाची. संस्थेने माफ होण्याजोगे 16,000 रुपये माफ केले. महाविद्यालयाच्या विद्यार्थी सहाय्य निधीतून 10,000 मिळाले. ग्रंथालयात आठवड्याचे काही तास काम करून महिना 3,000 प्रमाणे आठ महिन्यांत 24,000 झाले. बेरीज 50,000. उरलेल्या 50,000 साठी कर्ज, म्हणजे तीन वर्षांत दीड लाख.

येथे कोणी विचारील की, केंद्र सरकारची शिष्यवृत्ती कोठे गेली? बारावीच्या परीक्षेत वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या, साडेचार लाखांच्या आतील उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना ती मिळते; पदवीच्या तीन वर्षांत दरसाल 12,000 रुपये. परंतु तिच्या नियमानुसार दुसरी शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी घेणारा तिला पात्र ठरत नाही. 12,000 घ्यावेत तर 16,000 जातात. एका घरचा वार स्वीकारला की दुसऱ्या घरचा बंद व्हावा, तसाच हा प्रकार. एकाच विद्यार्थ्याने सर्व लाभ लुटू नयेत हा नियमाचा हेतू योग्य आहे. पण तूट भरून निघाली की नाही हे न पाहता केवळ लाभांची संख्या मोजली, तर अर्धपोटी मुलाला दोनदा वाढले म्हणून उठवण्यासारखे होते. अशा वेळी कोणता लाभ घ्यावा हे मुलीला समजावून सांगणारा जाणता माणूस कार्यालयात असणे, हेही सहाय्यच होय.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा या मोटेतला मुख्य आधार. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना डॉ. आंबेडकरांनी 1942 मध्ये दलितांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर करून उच्च शिक्षणासाठी अनुदानाची मागणी लावून धरली, आणि 1944 पासून ही योजना सुरू झाली. आज तिच्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख असून खर्चाचा 60 टक्के भार केंद्र आणि 40 टक्के राज्ये उचलतात. महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्यांनी यातील एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. ही शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी असतो त्या राज्याकडून मिळते. दिल्लीत शिकणाऱ्या मराठी मुलाने अर्ज महाराष्ट्राकडे करावयाचा असतो.

कर्जाच्या बाबतीत अलीकडे थोडी सुधारणा झाली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर केलेल्या विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण किंवा जामीनदार न देता कर्ज मिळते; साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास सरकार 75 टक्के हमी देते. तरीही ऋण ते ऋणच. ज्या घरात सावकाराचे नाव काढताच आजही माणसे गप्प होतात, त्या घरातील मुलीला दीड लाखाचा आकडा बँकेच्या दृष्टीने लहान असला तरी लहान वाटत नाही.

या सर्व हिशेबात एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही, ती म्हणजे वेळ. शुल्क भरावे लागते जुलैत; शिष्यवृत्ती येते त्यानंतर कित्येक महिन्यांनी. मधले महिने कोणी निभवावयाचे? 2024 मध्ये उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला धनबादच्या तंत्रज्ञान संस्थेत जागा मिळाली. ती राखण्यासाठी 17,500 रुपये ठरावीक दिवशी संध्याकाळी पाचच्या आत भरावयाचे होते. गावातून पैसे गोळा होईपर्यंत घटका उलटली आणि जागा गेली. तीन महिने दारोदार हिंडून प्रकरण दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, आणि 30 सप्टेंबर 2024 रोजी न्यायालयाने आपल्या विशेष अधिकारात त्याला प्रवेश देण्याचा आदेश केला. मुलगा जिंकला याचा आनंद आहेच. पण आत शिरल्यावर त्याला जे सहाय्य मिळणार होते, ते दारात उभे असताना मिळाले नाही, हे त्या प्रकरणाचे मर्म. मॅट्रिकोत्तर योजनेच्या 2021 च्या नियमांत आगाऊ शुल्क न भरता प्रवेश देणाऱ्या पत्राची सोय आहे, ती याच दृष्टीने मोलाची होय.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून त्यांनी आधी मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय पाहिली, आणि 1947 मध्ये साताऱ्यास महाविद्यालय काढले तेथेही ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र ठेवले. वसतिगृहातील धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही ठेवले नाही. त्यांनी शिष्यवृत्तीच्या मंजुरीची वाट पाहिली नाही, कारण मुले त्या रात्री जेवावयाची होती.

सरकारी योजनेला मंगळसूत्र नसते, आणि तिने तसे हृदय दाखवावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. तिच्याकडून अपेक्षा आहे ती चोख हिशेबाची. खर्च पूर्ण मोजावा, ऐपत न्यायाने मोजावी, तूट कर्जावर ढकलण्यापूर्वी दुसऱ्या वाटा पाहाव्यात आणि पैसा गरजेच्या दिवशी पोहोचवावा. मोट बांधताना एक गाठ सैल राहिली तर सारे धान्य वाटेवर सांडते. आणि ज्याची मोट सांडली तो मुलगा पुष्कळदा काहीच बोलत नाही. वर्गातील एक बाक रिकामे होते, इतकेच.