काजळी झटकलेले शहर

चॅटनूगा हे नाव पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा मला आमच्या सोलापूरची शेंगदाण्याची चटणीच आठवली. पुतण्या तिकडे मोटारींच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि घरातली मंडळी त्याच्या गावाला सरळ 'चटणीगाव' म्हणू लागली. अमेरिकेला जाणारा माणूस न्यूयॉर्कचे मनोरे आणि नायगाऱ्याचा धबधबा पाहून येतो. मी मात्र २०२३ सालच्या ऑक्टोबरात तीन आठवडे या चटणीगावात काढले आणि बहुतेक वेळ त्याच्या जुन्या पेठेत पायी हिंडलो. वहिनींना अजून वाटते की मी तिकिटाचे पैसे फुकट घालवले.

टेनेसी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, जॉर्जियाच्या सीमेला अगदी लागून हे शहर आहे. वस्ती २०२० च्या खानेसुमारीप्रमाणे १ लाख ८१ हजार, म्हणजे आपल्या सोलापूरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. टेनेसी नदी येथे डोंगरांमधून मोठी वळणे घेत जाते आणि लुकआउट नावाचा डोंगर शहरावर पहारेकऱ्यासारखा उभा आहे. १८६३ साली यादवी युद्धातल्या मोठ्या लढाया येथे झाल्या. पुढे रेल्वे आली, लोखंड आले, कोळसा आला, आणि ओतकामाचे कारखाने, बॉयलर, नळ, कापड यांनी गाव गजबजले. १९४१ साली या गावाला जाणाऱ्या आगगाडीवर एक गाणे निघाले व ते जगभर गाजले. १८९९ साली येथल्या दोन वकिलांनी कोका-कोला बाटल्यांत भरून विकण्याचा हक्क अवघ्या एका डॉलरच्या करारावर मिळवला होता. हा डॉलर वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

चिमण्यांच्या धुरात सुबत्ता असते, हे आम्हा सोलापूरकरांना कोणी सांगायला नको. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तोवर आमच्या गल्लीत धुराविरुद्ध कोणी ब्र काढला नाही. चॅटनूगाचेही तसेच होते. भर दुपारी मोटारींचे दिवे लावावे लागत, आणि कचेरीत जाणारे लोक दुपारी बदलायला दुसरा पांढरा सदरा बरोबर नेत, असे तिथले जुने लोक सांगतात. शहर डोंगरांच्या खोलगट भागात असल्याने धूर वर न जाता झाकणाखाली कोंडल्यासारखा राही. क्षयाचे रोगीही फार. शेवटी १९६९ साली केंद्र सरकारच्या अहवालात हवेतल्या धूलिकणांबाबत देशातले सर्वांत घाणेरडे शहर म्हणून चॅटनूगाचा पहिला क्रमांक लागला, आणि वॉल्टर क्रॉन्काइट या नामवंत वृत्तनिवेदकाने तो दूरचित्रवाणीवरून साऱ्या देशाला ऐकवला.

एवढी नाचक्की झाल्यावर मात्र गाव हलले. त्याच वर्षी हवेच्या शुद्धतेचा स्थानिक कायदा झाला, कारखान्यांना मुदती मिळाल्या, आणि पुढच्या काही वर्षांत आकाश निळे दिसू लागले. गोष्ट येथे संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात घालण्याजोगी झाली असती. पण धूर जातो न जातो तोच कारखानेही जाऊ लागले. परदेशी मालाची चढाओढ, जुनी यंत्रे, देशभर आलेली मंदी, कारण एक नव्हते. १९८० साली १ लाख ६९ हजार असलेली वस्ती १९९० साली १ लाख ५२ हजारांवर आली.

त्यातही सर्वांत वाईट हाल झाले ते पेठेचे. तिकडे तिला डाउनटाऊन म्हणतात. पेठ कशी मरते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण तो रोग आता आपल्याकडेही शिरकाव करतो आहे. प्रथम मोठे हमरस्ते होतात आणि ज्याच्याजवळ मोटार आहे तो गावाबाहेर बंगला बांधतो. त्याच्यामागून दुकानदार जातो. गावाबाहेर एकाच छपराखाली शंभर दुकाने आणि दारात मोटार लावायला ऐसपैस जागा असली, की जुन्या पेठेत कोण कशाला येईल? मग पेठेतले मालक रिकाम्या इमारती पाडून तेथे मोटारतळ करतात, म्हणजे गिऱ्हाईक येईल ही आशा. पण इमारती पडल्या की पाहण्याजोगे उरते काय? नदीकाठाची तर आणखी दुर्दशा. काठाने मालमोटारींचा रुंद रस्ता काढलेला असल्याने ज्या नदीमुळे गाव वसले तिच्यापर्यंत पायी जाणेच कठीण झाले होते. १९०९ सालच्या भव्य रेल्वेस्थानकातून १९७० साली शेवटची उतारूगाडी गेली. सुदैवाने काही व्यापाऱ्यांनी ते घेऊन १९७३ साली तेथे हॉटेल काढले, म्हणून तो घुमट वाचला.

आणि वॉलनट स्ट्रीटचा पूल! १८९१ साली खुला झालेला हा लोखंडी पूल २,३७६ फूट लांब, म्हणजे जवळजवळ पाऊण किलोमीटर. १९७८ साली तो धोक्याचा ठरवून वाहनांना बंद केला आणि पुढे पाडण्याचेही ठरत आले. वर्षानुवर्षे तो नदीवर गंजत उभा होता.

येथून पुढचा भाग मला सर्वांत नवलाचा वाटला. हे गाव सावरले ते कोणा एका महापौराच्या हुकमाने किंवा एका मोठ्या कारखान्याच्या येण्याने नव्हे, निदान आरंभी तरी नव्हे. आरंभ झाला तो गाण्याच्या कार्यक्रमांनी. १९८१ साली पेठेतल्या मोकळ्या जागेवर 'चॅटनूगातील पाच रात्री' नावाने जलसे केले. लोक येणार नाहीत, आले तर मारामाऱ्या होतील, गोरे-काळे एकत्र बसणार नाहीत, असे सांगणारे पुष्कळ होते. लोक आले, बसले, गाणी ऐकली आणि घरी गेले. पुढच्या वर्षीपासून त्याचा नदीकाठचा वार्षिक उत्सवच झाला. एका वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकाने, स्ट्राउड वॉटसन यांनी, विद्यार्थ्यांना हाताशी धरून पेठेचे नकाशे व नमुने तयार केले आणि ते गावकऱ्यांना दाखवायला सुरुवात केली. दुसऱ्या शहराने काय केले ते पाहायला एक शिष्टमंडळ इंडियानापोलिसला जाऊन आले. आणि १९८४ साली 'व्हिजन २०००' या नावाने सभा भरल्या. १,७०० नागरिक त्यांत बसले. 'सन २००० साली आपले गाव कसे असावे?' एवढाच प्रश्न होता. पैसा कोठून येणार, हे आधी विचारायचे नाही असा दंडक. त्यातून चाळीस उद्दिष्टे निघाली. नदीकाठ मोकळा करावा, जुने नाट्यगृह नीट करावे, घरांत मार खाणाऱ्या स्त्रियांसाठी आसरा असावा, असे लहानमोठे सगळे एकाच यादीत होते.

आपल्याकडच्या सभांना मीही पुष्कळ बसलो आहे. व्यासपीठावर सात खुर्च्या, हारतुरे, प्रास्ताविक, आणि श्रोत्यांनी विचारायचे प्रश्न वेळेअभावी रद्द. येथे खुर्च्या गोल मांडल्या होत्या, असे एका बाईंनी मला सांगितले. त्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या, शाळेत शिकवीत. "माझ्या शेजारी बँकेचा मोठा साहेब बसला होता आणि त्याला माझ्याइतकीच मिनिटे मिळाली," हे सांगताना चाळीस वर्षांनंतरही त्यांचा चेहरा फुलला.

पण नुसत्या सभांनी गाव उभे राहत नाही हेही खरे. आता तो डॉलर आठवावा. त्या बाटलीच्या धंद्यात ज्या घराण्याने अमाप पैसा मिळवला त्यातले नातू जॅक लप्टन. त्यांनी व त्यांच्या घराण्याच्या लिंडहर्स्ट फाउंडेशनने या कामामागे आपली तिजोरी उभी केली. नदीकाठी मत्स्यालय बांधायचे ठरले तेव्हा थट्टाही झाली. समुद्र शेकडो मैल दूर, आणि यांना मासे दाखवायचे! परंतु त्यांनी समुद्राच्या माशांवर भर दिलाच नाही. डोंगरात पडलेला पावसाचा थेंब ओढ्यातून, टेनेसी नदीतून, मिसिसिपीतून समुद्राला कसा मिळतो, त्या वाटेवरचेच जीव तेथे मांडले. आपलीच नदी काचेआड! सुमारे ४ कोटी ५० लाख डॉलर खर्चून, तेही मुख्यतः खाजगी देणग्यांतून, १ मे १९९२ रोजी ते उघडले आणि पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक लोक आले. समुद्राची इमारत नंतर, २००५ साली झाली.

पुलाची कथाही त्याच सुमाराची. नागरिकांनी हट्ट धरला, आणि पाडण्यासाठी काढून ठेवलेला पैसा डागडुजीकडे वळवून घेतला. १९९३ साली पूल पुन्हा खुला झाला तो फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. संध्याकाळी मी तेथे जाई तेव्हा लाकडी फळ्यांवर मुलांच्या गाड्या ढकलणाऱ्या आया, धापा टाकत धावणारे तरुण आणि हातात हात घातलेली म्हातारी जोडपी असत. मोटारीवाचून पाऊल न टाकणाऱ्या देशात हे दृश्य मला मत्स्यालयापेक्षा अपूर्व वाटले. पुलाच्या उत्तरेची ओस पडलेली दुकाने पुन्हा उघडली ती या पायी माणसांच्या जोरावर. मोटारीतला माणूस दुकानापुढून निघून जातो. चालणारा थबकतो, आइस्क्रीम घेतो.

एक युक्ती आपल्या नगरपित्यांनी टिपून ठेवावी. १९९२ साली पेठेत विजेवर चालणाऱ्या छोट्या बसगाड्या सुरू केल्या, फुकट. पेठेच्या दोन टोकांना मोटारतळ बांधले, त्यांच्या भाड्यातून बसचा खर्च काढला, आणि मधल्या जागा इमारतींना मोकळ्या राहिल्या. बसगाड्या बनवणारा कारखानाही गावातच निघाला. पुढे २००५ पर्यंत १२ कोटी डॉलरची नदीकाठाची योजना पुरी झाली. मालमोटारींचा रस्ता आवळून शहरातल्या साध्या रस्त्यासारखा केला. २०१० साली तर १९३५ पासून चालत आलेल्या गावाच्या स्वतःच्या वीजमंडळाने घरोघरी सेकंदाला एक गिगाबिट वेगाचे इंटरनेट पुरवायला सुरुवात केली. तेव्हा ते मुंबईतच काय, न्यूयॉर्कातही सहजी मिळत नव्हते. पुढच्याच वर्षी पुतण्याच्या कारखान्यातून, दारूगोळ्याच्या जुन्या सरकारी कारखान्याच्या जागेवर, मोटारी बाहेर पडू लागल्या.

सोलापूरचे नाव २०१६ साली स्मार्ट शहरांच्या पहिल्या यादीत आले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आपल्या गावाच्या योजनेत काय असावे असे मला, माझ्या शेजाऱ्याला किंवा पूर्व भागातल्या विणकराला कोणी कधी विचारल्याचे मात्र आठवत नाही. असो.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर वाचकांची फसवणूक होईल. पुतण्याला पेठेतले भाडे परवडत नाही. तो पंधरा मैलांवर राहतो आणि रोज मोटारीने येतो. पेठ जिवंत झाली की ती महाग होते, आणि पडझडीच्या काळात जे तेथे चिकटून राहिले त्यांनाच आधी निघावे लागते. हा धक्का येथे काळ्या लोकांना दोनदा बसला. १९५०-६० च्या दशकांत 'नवनिर्माण' म्हणून पश्चिमेकडची त्यांची अख्खी वस्तीच जमीनदोस्त झाली होती. पूर्वीचा नववा रस्ता, जेथे बेसी स्मिथ ही थोर गायिका लहानपणी पैशांसाठी गात असे, तो आज मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने ओळखला जातो. तेथे नव्या चकचकीत खानावळी आल्या आहेत, जुनी दुकाने हातावर मोजण्याइतकी.

त्या पुलाचेही तसेच. १८९३ साली आल्फ्रेड ब्लाउंट आणि १९ मार्च १९०६ रोजी एड जॉन्सन या काळ्या माणसांना जमावाने याच पुलावर फाशी दिले. जॉन्सनच्या शिक्षेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी स्थगिती दिली होती. त्या रात्री तुरुंगावर पुरेसा पहारा नव्हता. न्यायालयाने स्वतःचा अवमान झाला म्हणून शेरीफ शिप याच्यावर खटला चालवला आणि १९०९ साली त्याला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवलेला तो एकमेव फौजदारी खटला. शेरीफला कैद झाली ९० दिवसांची. जॉन्सनवरचा दोष पुसला गेला तो २००० साली. त्याच्यासाठी लढलेल्या दोन काळ्या वकिलांना गाव सोडावे लागले होते.

१९९३ नंतर बरीच वर्षे हजारो माणसे त्या फळ्यांवरून आनंदाने चालली, आणि हे तेथे कोठेही लिहिलेले नव्हते. मूळ रहिवासी चेरोकींची आठवण त्या मानाने लवकर झाली. १८३८ साली ज्या धक्क्यावरून त्यांना हाकलले तेथे २००५ साली पाण्याच्या पायऱ्या आणि मातीची चित्रे उभी राहिली. जॉन्सन व त्याच्या दोन वकिलांचे पुतळे पुलाच्या दक्षिण टोकाशी बसले ते २०२१ च्या सप्टेंबरात, तेही गावातल्या काळ्या-गोऱ्या नागरिकांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर.

किंग मार्गावर मी ज्या न्हाव्याकडे केस कापायला बसलो तो सत्तरीचा काळा गृहस्थ होता. धंदा कसा आहे विचारले तर म्हणाला, गिऱ्हाईक दुप्पट झाले, भाडे तिप्पट. पुलाचा विषय निघाला तेव्हा कात्री क्षणभर थांबली. त्याची आई या गावात जन्मली, वाढली, नव्वदीला पोचली, पण तिने त्या पुलावर कधी पाऊल ठेवले नव्हते. लहानपणीच तिच्या आजीने तिला बजावले होते. पुतळे बसले त्या रविवारी तो तिला चाकांच्या खुर्चीतून तेथे घेऊन गेला. समारंभ उरकल्यावर तिने बोटाने पुलाकडे खूण केली, आणि त्याने खुर्ची मध्यापर्यंत ढकलत नेली.