संस्थेला काय करवते?



ज्याने आयुष्यभर व्याकरण शिकविले त्याने उद्योगसंस्थांच्या नियोजनावर बोलावे, हा अव्यापारेषु व्यापार वाटेल. परंतु या विषयाची किल्ली मला व्याकरणातच सापडली. ‘आजी चालते’ आणि ‘आजीला आता चालवते’ ही दोन वाक्ये घ्या. दुसऱ्यातील क्रियापद हे शक्य क्रियापद. ते क्रियेपेक्षा कर्त्याच्या अंगची शक्ती सांगते. व्यवस्थापनशास्त्रातील ‘बिझनेस कपॅबिलिटी मॅप’ म्हणजे संस्थेच्या शक्य क्रियापदांचा नकाशाच होय.

खात्यांचा तक्ता कोण कोठे बसतो ते सांगतो. मालाची यादी आज काय विकले जाते ते. क्षमतांचा नकाशा त्याखाली उतरतो. प्रत्येक क्षमता आज कितपत बळकट आहे, उद्या किती लागेल आणि कोणाच्या हाती आहे, हे त्यात नोंदवितात. जेथे गरज मोठी व बळ थोडे, तेथे पैसा आणि माणसे प्रथम द्यावयाची.

जपानची फुजी फोटो फिल्म कंपनी १९३४ ची. रंगीत फिल्मची मागणी २००० च्या सुमारास शिखरास पोहोचली आणि मग कोसळली. तेव्हाचे प्रमुख शिगेताका कोमोरी यांनी कंपनीच्या अंगच्या तंत्रांची मोजदाद करवून ती जुन्यानव्या बाजारपेठांशी ताडून पाहिली. फिल्ममधील मोठा घटक कोलाजेन, आणि मानवी त्वचेतीलही तोच. छायाचित्राचे रंग विटू नयेत म्हणून ऑक्सिडीकरण रोखण्याची विद्या अवगत होतीच. त्यातून २००७ साली ‘अ‍ॅस्टालिफ्ट’ प्रसाधने निघाली. फिल्मचा पारदर्शक पापुद्रा एलसीडी पडद्यांच्या कामी आला. हे सुखासुखी झाले नाही. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. तिकडे कोडॅककडे रसायनविद्या कमी नव्हती. १९७५ साली डिजिटल कॅमेऱ्याचा नमुनाही तिच्याच अभियंत्याने केला होता. पण १९९४ साली तिने रसायनविभाग वेगळा काढला, आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. या पतनास एकच कारण देण्याचे धाडस मी करणार नाही; एवढेच म्हणेन, की गाठीशी काय आहे याचा हिशेब फुजीने अधिक नीट मांडला.

हे या व्यासपीठावर का सांगतो? आपल्या बडोद्यात मराठी माध्यमाचे वर्ग रोडावत आहेत, आणि सभांत दोनच प्रश्न निघतात : माध्यम बदलावे, की वर्ग मिटवावेत? दोन्ही प्रश्न मालाच्या यादीतले आहेत. या शाळेला काय करवते, हे कोणी विचारीत नाही. घरी मराठी न बोलणारे मूल येथे वर्षभरात मराठी वाचू लागते, हे मी स्वतः वर्गात बसून पाहिले आहे. परदेशी गेलेल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांना आपल्या मुलांसाठी नेमके हेच हवे आहे. मात्र ही विद्या कोठे लिहिलेली नाही. ती प्राथमिक विभागातील एका बाईंच्या हाती आहे.

विश्वस्तांना माझी विनंती आहे, की पुढील सभेपूर्वी कोरा कागद घेऊन प्रथम त्या बाईंपाशी बसावे. त्या येत्या वर्षी निवृत्त होत आहेत.